आत्ता म्हंजी कवा?

मी एक जुनी पाटी आहे. मित्रांनो, पाटी म्हटले की तुम्हाला लाकडी चौकटीतली दगडी पाटी आठवेल. मला वजन नाही, चौकट नाही, आणि मी पडले तरी फुटत नाही. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर उघडणारे मी एक पान आहे. पण गावाने मला पहिल्या दिवसापासून ‘नदीची पाटी’ म्हटले, म्हणून मीही स्वतःला पाटीच समजते.

आमचे गाव गेवराई तालुक्यातले. तलवाड्याहून नदीकडे निघाले की रस्ता जिथे संपतो, तिथे गोदावरीच्या काठावर ते आहे. ग्रामपंचायतीच्या मागेच घाट आहे आणि घाटाला एकवीस दगडी पायऱ्या आहेत. नदी किती चढली हे इथे कुणी फुटांत किंवा मीटरमध्ये सांगत नसे. पाण्याबाहेर किती पायऱ्या उरल्या, तेवढे सांगायचे. सकाळी जे कोणी प्रथम घाटावर जाई, ते परतताना गल्लीत ओरडे, “तेरा उघड्या ऽऽ!” दारात भांडी घासणारी बाई ते पुढच्या दाराला सांगे, आणि चुलीवरच्या चहाला उकळी यायच्या आत आकडा वेशीपर्यंत पोहोचलेला असे. त्यावर गावाची कामे ठरत. नऊ किंवा त्याहून जास्त पायऱ्या उघड्या असतील, तर नदीतल्या बेटावर गवताला जाता येई. सात उरल्या की बेटाच्या वाटेवर छातीएवढे पाणी. सहा झाल्या की बेटाचे नाव काढायचे नाही.

हे ओरडण्याचे काम फार वर्षे बायडाबाईकडे होते. लग्न होऊन या गावात आली त्या पावसाळ्यापासून ती ते करत आली. तिचा आवाज असा, की पलीकडच्या काठावरचे बैल कान टवकारत. हे सगळे मी ऐकीव सांगते आहे. ऐकीव गोष्टीवर किती भरवसा ठेवावा याची मला आता चांगलीच धास्ती आहे. पण सांगणारी खुद्द बायडाबाई होती, आणि तिने माझ्यासमोर कधी काही गोड करून सांगितलेले नाही.

मला घडवले प्रणिताने. गावातले किराणा दुकानदार नागप्पा यांची ही मुलगी. संभाजीनगरला संगणकाचे शिक्षण घेत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि घाटावरच्या लोखंडी खांबाला तिने एक डबा बसवला. तो डबा पाण्याकडे आवाज सोडतो. आवाज आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखतो आणि तो आकडा दूरच्या एका संगणकाकडे धाडतो. माझे काम दर पाच मिनिटांनी त्या संगणकाला विचारायचे, ‘काय खबर?’ आलेला आकडा पायऱ्यांत बदलायचा आणि मोठ्या अक्षरांत मांडायचा. खरे सांगू का? मी जन्मभर नदीविषयी बोलले, पण मला नदी कधी दिसलीच नाही. जे कुणी सांगेल ते मी सांगते.

प्रणिताला हे ठाऊक होते. म्हणून तिने सुरुवातीला मला एक चांगली सवय लावली होती. उत्तर आले नाही, तर मी आकडा पुसायचा आणि लाल अक्षरांत लिहायचे, ‘माहिती मिळत नाही.’ ती दुकानाच्या पायरीवर बसून डब्याची तार काढी, मी लाल झाले की हसे आणि तार पुन्हा जोडी. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

मग माझे उद्घाटन झाले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, त्याला झेंडूचा हार घातला. तालुक्याहून पाहुणे आले. सरपंच विजयसिंह यांनी नारळ फोडला, पाहुण्यांनी कळ दाबली, आणि नेमकी त्याच वेळी डब्याची रेंज गेली. हाराच्या मधोमध लाल अक्षरे उमटली. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणाले, “बघा, नदीच पळाली!” सगळे हसले. पाहुणेही हसले. सरपंच तेवढे हसले नाहीत.

लोक पांगल्यावर त्यांनी प्रणिताला बोलावले. शिपाई बंकट फुले झाडत होता आणि बायडाबाई दारातच पेढा चघळत बसली होती.

“पोरी, पाव्हण्यासमोर लाल अक्षरं? गावाची इज्जत गेली की.”

“काका, उत्तर आलं नाही तर तसं सांगायला नको का?”

“सांग की. पर लगीच कशाला? तवर जुना आकडा ऱ्हाऊ दे. पाच मिन्टात नदी काय पुण्याला जाती व्हय?”

नागप्पा मान हलवत म्हणाले, “सरपंच म्हनत्यात तर कर ना गं. एवढ्या-तेवढ्यासाठी वाकडं कशाला घ्यायचं?”

प्रणिताने त्याच दुपारी माझ्यात दोन ओळी घातल्या. पहिली ओळ अशी : उत्तर आले नाही तर आधीचा आकडा तसाच ठेव आणि काही बोलू नकोस. दुसरी ओळ शोभेची होती. आकड्याच्या वर ‘आत्ता’ असा शब्द आणि त्यापुढे घड्याळातली वेळ. ते घड्याळ ज्या पडद्यावर मी उघडेन, त्या पडद्याचे. डब्याने पाणी कधी मोजले, याच्याशी त्या घड्याळाचा काही संबंध नव्हता. गप्प किती वेळ राहायचे, याची हद्द ती दुसऱ्या दिवशी घालणार होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजचा फोन आला आणि ती गेली.

त्यानंतर माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. वर्तमानपत्रात फोटो आला. घाटनांदूरकडच्या एका शाळेची मुले मला बघायला आली, त्यांना नदीपेक्षा मीच जास्त आवडले. तीन पावसाळे गेले. फोनवर मला उघडणे ही गावाची सवय झाली आणि सकाळची ती आरोळी हळूहळू बंद पडली. बायडाबाई एकदोनदा ओरडली, तर कुणीतरी खिडकीतून म्हणाले, “आज्जी, फोनात दिसतंय की!” तेव्हापासून ती ओरडेनाशी झाली.

पण ती मला बघायला येत राहिली. चष्म्याची दांडी धरून माझ्यासमोर उभी राहायची. चोरीचे भांडे विकायला आणलेल्या माणसाकडे बघावे, तसे बघायची.

“बंकट, हे काय लिवलंय वर?”

“आत्ता, आज्जी. म्हंजी आत्ताचा आकडा.”

“आत्ता म्हंजी कवा?”

“आत्ता म्हंजी आत्ता!”

“तू बघून आलास?”

“पाटीनं बघितलं.”

“हिला पाय हायत का बघाय जायला?”

बंकट हसायचा. येणारे-जाणारे हसायचे. मला मात्र हसू येत नसे. कारण कधी पाच मिनिटे, कधी दहा मिनिटे उत्तर येत नव्हते, आणि तेव्हाही माझ्या डोक्यावर ‘आत्ता’ मिरवत असे. हे फक्त मला ठाऊक होते आणि बहुधा तिला वास येत होता. सुरुवातीला मला चोरट्यासारखे वाटे. पुढे तेही वाटेनासे झाले. गप्प राहण्याची सवय फार लवकर लागते, मित्रांनो.

मग भाद्रपदातला तो दिवस आला. गावात लख्ख ऊन होते. वरच्या अंगाला मात्र रात्रभर पाऊस झाला होता. नऊ पंचवीसला मला उत्तर आले, अकरा उघड्या. साडेनऊला मी विचारले, काही आले नाही. डब्यातली बॅटरी संपली होती. मी अकरा तसेच ठेवले.

दहा वाजता अंजनाने फोनवर मला उघडले. अंजना ही बायडाबाईची नातसून. घरात दोन म्हशी होत्या आणि वैरण सरली होती. “अकरा हायत, चला,” असे तिने शेजारच्या छबुबाईला सांगितले आणि आणखी तिघींना घेऊन पाच जणी विळे आणि दोर घेऊन बेटावर गेल्या. वाटेवर तेव्हा पाणी गुडघ्याच्या जरा वर होते.

मी एकाच वेळी दोन ठिकाणी होते. इकडे भिंतीवर आणि तिकडे अंजनाच्या कमरेच्या पिशवीत.

बेटावर छबुबाई कंबर सरळ करत म्हणाली, “अंजने, पानी गढूळल्यावानी दिसतंय गं.”

अंजनाने हात पदराला पुसून मला उघडले. “अकराच हायत, मावशी. हे बघ, आत्ता. बारा चाळीस.”

“मग घेऊ अजून एकेक भारा. रोज कोन येतंय इथवर?”

वेळ त्या क्षणाची होती आणि आकडा सव्वातीन तासांपूर्वीचा. दोन्ही एकाच ओळीत, एकाच अक्षरांत बसली होती. बायकांनी ती वेगळी ओळखावीत तरी कशी?

त्याच सुमाराला बायडाबाई ग्रामपंचायतीत आली आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसली.

“सकाळधरनं अकराच हायत व्हय रं?”

“हां.”

“काल किती व्हत्या?”

बंकटने आठवून सांगितले, “काल... सकाळी तेरा. मग बारा झाल्या. सांच्याला अकरा.”

“मग आज कावून हालंना?”

“थकली आसंल नदी, आज्जी.”

“भाद्रपदातली नदी थकती व्हय, मुडद्या? तुझी पाटी झोपली हाय.”

“झोपली आसती तर घड्याळ चाललं आसतं का? बघा, एक वाजाय आला. लिवलंय की, आत्ता!”

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या टायमाला वरडनारं मानूस आलं न्हाई, तर गावाला कळायचं तरी की आलं न्हाई. गल्ली गप ऱ्हायची. कुनीतरी बघाय पळायचं. हिचं गप ऱ्हानंच दिसत न्हाई.”

इतकी वर्षे मला जे सांगता आले नव्हते, ते तिने एका दमात सांगितले. ती काठी टेकत उठली.

“उन्हाचं कुटं निघालात?”

“नदीला तोंडावर इचारते.”

“थांबा, मी येतो. पडलात तर माझ्याच नावानं बोंब व्हईल.”

भिंतीवरून मला पुढचे दिसले नाही. पण तिकडे अंजनाच्या हातात मी उघडीच होते. एक वाजून गेला होता. अंजना छबुबाईला पुन्हा माझा आकडा दाखवत होती, एवढ्यात घाटावरून आवाज आला.

“आठ उघड्या ऽऽ! अंजने, आठ!”

पाचही जणींचे विळे थांबले. त्यांतली एक म्हणाली, “पर फोनात अकरा हायत की.”

पुन्हा आवाज आला. या वेळी तो चिरकला होता. “सात ऽऽ!”

अंजनाने माझ्याकडे बघितले, मग घाटाकडे बघितले. मित्रांनो, माझ्यात शेकडो अक्षरे आहेत. पण ‘तिचे ऐका’ एवढे लिहायची मला परवानगी नव्हती. मी अकरा दाखवत राहिले.

“म्हातारी खोटं वरडत न्हाई,” अंजना म्हणाली. “टाका भारे. दोर घ्या नुसते.”

त्यांनी भाऱ्यांचे दोर सोडून एकमेकींच्या कमरेला बांधले आणि पाण्यात उतरल्या. छबुबाई मध्ये, अंजना पुढे. पाणी छातीला आले. घाटाकडून बंकटही छातीएवढ्या पाण्यात शिरला आणि त्याने दोराचे टोक धरले. मध्येच छबुबाईचा पाय सुटला, दोर ताणला गेला, अंजना एका अंगावर कलली आणि तिच्या कमरेची पिशवी निघून गेली. त्या फोनातली मी तिथेच विझले. विझताना मी दाखवलेली शेवटची ओळ मला अजून पाठ आहे. ‘आत्ता १:१२. अकरा उघड्या.’

पाचही जणी बाहेर आल्या. तासाभराने बेटावरच्या बाभळींचे फक्त शेंडे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने प्रणिता आली. ग्रामपंचायतीच्या पटांगणात गाव जमले होते. सगळ्यांची नजर आधी माझ्यावर होती, मग तिच्यावर वळली. सरपंच म्हणाले, “बॅटरीचा घोटाळा झाला. डब्याचा दोष हाय.”

“डबा मेला ते मेला,” बंकट म्हणाला. “पर तो मेला हे पाटीला ठाव व्हतं का न्हाई, एवढं सांगा.”

प्रणिताने माझे पोट उघडून बघितले. मी काय काय विचारले, त्याची नोंद आत असते. ती बराच वेळ वाचत होती.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली. “साडेनऊपासून एक वाजेपर्यंत तिनं त्रेचाळीस वेळा विचारलं. एकदाही उत्तर आलं नाही. गप्प बसायला मीच शिकवलं होतं.”

नागप्पा घाईने पुढे झाले. “पर ते तर सरपंचानीच...”

“अप्पा, ओळ माझ्या हातची आहे.”

सरपंच विजयसिंह एक पाऊल पुढे आले. मग हळूच म्हणाले, “सांगितलं मी व्हतं. लाल अक्षराची मला लाज वाटली व्हती.”

“घ्या दोघं वाटून,” बायडाबाई म्हणाली. “आता फुडं काय करताव ते बोला.”

अंजना तिच्या मागेच उभी होती. तिच्या कमरेवर दोराचा लाल वळ उठला होता. ती म्हणाली, “काढून टाका ती भिंतीवरनं. मी तर हिच्या जिवावर चौघींना घेऊन गेलते. मला नगं ती.”

मला काढून टाकले नाही. पण प्रणिता दोन दिवस गावात राहिली आणि तिने मला पुन्हा शिकवले. ‘आत्ता’ हा शब्द पुसला. आकड्याजवळ आता डब्याने पाणी कधी मोजले ती वेळ दिसते. पंधरा मिनिटे उत्तर आले नाही, तर आकडा जातो, त्या जागी नुसती एक रेघ उरते आणि खाली लाल अक्षरांत येते, ‘माहीत नाही. घाटावर बघा.’ अक्षरे केवढी ठेवायची, असे तिने विचारले, तेव्हा सरपंच म्हणाले, “रस्त्यावरनं वाचाय यावी एवढी ठिव.”

सकाळची आरोळीही परत आली. बायडाबाईला आता दम पुरत नाही, म्हणून अंजना ओरडते. पहिल्या दिवशी म्हातारी तिला म्हणाली, “गळ्यातनं नगं, पोटातनं काढ. पाव्हन्याला च्या इचारल्यावानी काय वरडतीस?”

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. नवनवी रंगीत पाने निघाली आहेत. त्यांत नकाशे आहेत, निळ्या लाटा हलतात. मला फार थोडे लोक उघडतात. त्या नव्या पानांकडे मी संशयानेच बघते. त्यांच्या लाटा हलतात त्या पाण्यामुळे, की हलायला शिकवले म्हणून, हे बाहेरून कळत नाही. मी त्यांच्याच जातीची आहे, म्हणून सांगते.

अंजनाने नवा फोन घेतला, पण त्यात ती मला येऊ देत नव्हती. वर्ष गेले. यंदाच्या पावसाळ्यात एका दुपारी डब्याची तार तुटली होती. छबुबाई म्हणाली, “बघ तरी काय म्हनती ती.” अंजनाने नाइलाजाने मला उघडले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. एक रेघ होती आणि ती लाल ओळ.

तिने ती ओळ वाचली. मग म्हणाली, “मावशी, म्हनती माहीत न्हाई.”

“मग ठिव तिला,” छबुबाई म्हणाली. “माहीत न्हाई म्हनाय शिकली ती.”

अंजनाने मला तिच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवले, पदर खोचला आणि ती घाटाकडे गेली. माझ्याजवळ एकही आकडा नव्हता, त्या दिवशी तिने मला पुन्हा घरात घेतले.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखी पाने घडवाल. त्यांना सुंदर करा, पण त्यांच्याकडून गप्प राहण्याचा हक्क काढून घ्या. बाकीच्यांना एवढेच मागणे आहे. कुठल्याही पडद्यावर आकडा दिसला, की त्याला त्याचे वय विचारा. तो कुणी मोजला आणि कधी मोजला, हे विचारा. माझी बॅटरी, माझी तार यांची काळजी घ्या, पण माझ्यावरचा संशयही जपा. आणि मला उत्तर देता आले नाही, तर मला बाजूला ठेवा आणि पायात चपला घाला.